गच्चीवरून धुळीपलीकडे: निअर-इन्फ्रारेड नोंदी २०२४-२५

४ ऑक्टोबर २०२४

यंदाचा सीझन फक्त निअर-इन्फ्रारेडचा, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या प्रकाशाचा, ठरलं. आमची गच्ची धायरीत आहे आणि इथून उत्तरेला तोंड केलं की समोर अख्खं पुणं पसरलेलं दिसतं, म्हणजे उत्तरेचं आकाश कायम राखाडी-नारिंगी. दक्षिणेकडचं बरंच करून झालं, उत्तरेकडे मात्र मी कॅमेरा वळवतच नव्हते. पण मला जी गोष्ट बघायचीय ती नेमकी तिकडेच आहे, शर्मिष्ठेच्या पायथ्याशी, ययातीच्या हद्दीला लागून.

ती म्हणजे माफेई १. ही लंबवर्तुळाकार दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याच्या जवळपास मधोमध येते, मध्यरेषेपासून फक्त अर्धा अंश खाली. म्हणजे तिचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना आपल्याच घरातली सगळी धूळ ओलांडून येतो. दृश्य प्रकाशात ४.७ प्रतींची घट होते (प्रत म्हणजे तेजाचं माप), हिशोब केला तर ७५ फोटॉन निघाले की एक पोचतो. ही धूळ मधे नसती तर उत्तरेच्या आकाशातल्या सगळ्यात ठळक दीर्घिकांमध्ये तिची गणना झाली असती, आकाराला पौर्णिमेच्या चंद्राच्या पाऊणपट. आणि प्रत्यक्षात १९६७ पर्यंत ती दीर्घिका आहे हेच कोणाला माहीत नव्हतं! खगोलशास्त्रज्ञ शार्पलेस यांच्या तेजोमेघांच्या १९५९ च्या यादीत ती १९१ नंबरला आहे, पण तेजोमेघ म्हणून. मग इटलीत आसियागोच्या श्मिट दुर्बिणीवर पाओलो माफेई यांनी इन्फ्रारेडला संवेदनशील अशा फोटोग्राफिक प्लेटा वापरल्या आणि एक नाही, शेजारशेजारच्या दोन दीर्घिका सापडल्या. दुसरी माफेई २, शार्पलेसच्या यादीत तीही तेजोमेघच, नंबर १९७.

८०० नॅनोमीटरच्या आसपास हीच धूळ बरीच विरळ होते, तिथे ७५ च्या जागी साधारण १२ फोटॉनांमागे एक पोचतो. हा सहापट फरक माझ्या ८ इंची न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) पकडता येतो का, बघायचंय.

१३ ऑक्टोबर २०२४

सामान जमवलं. दुर्बीण जुनीच, २०० मिमी आरसा, १००० मिमी फोकल लेंथ. न्यूटोनियन असल्याचा फायदा असा की आरशाला सगळ्या तरंगलांबी सारख्याच, भिंगाच्या दुर्बिणीत इन्फ्रारेडचा फोकस वेगळा पडतो आणि तारे फुगतात. आरशाचं ॲल्युमिनियम साधारण ८२५ नॅनोमीटरला थोडं कमी परावर्तन करतं, पण तेवढं चालतं.

कॅमेरा एएसआय ४६२ एमसी. ग्रहांसाठी घेतला होता, पण त्याचा सेन्सर ८०० च्या पुढेही चांगला बघतो. रंगीत सेन्सर आहे, तरी साधारण ८५० नंतर लाल-हिरवे-निळे तिन्ही इवले फिल्टर पारदर्शकच होतात आणि सगळे पिक्सेल सारखे वागायला लागतात. माझा फिल्टर ७४२ नॅनोमीटरचा, म्हणजे ७४२ च्या पुढचं सगळं आत. ७४२ ते ८५० मध्ये लाल पिक्सेल जास्त घेतात, त्यामुळे कच्च्या फ्रेमवर चौकटी-चौकटी दिसतात, म्हणून २×२ बिनिंग (शेजारच्या चार पिक्सेलांचा एक) करूनच पुढे जायचं. बिनिंगनंतर एका पिक्सेलमागे १.२ आर्कसेकंद, पुण्याच्या हवेला पुरेसं. सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरला आंधळा होतो, त्यापुढे फोटॉनकडे इलेक्ट्रॉन उठवण्याइतकी ऊर्जाच नसते. त्याच्या पलीकडचं काम लडाखमधल्या हॅनलेच्या २ मीटर चंद्रा दुर्बिणीवर टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) टिरस्पेकसारखी उपकरणं करतात, द्रव नायट्रोजननं गार केलेले डिटेक्टर घेऊन. माझी खिडकी ७४२ ते १००० च्या आसपास, बस.

१६ ऑक्टोबर २०२४

कोजागिरी. सोसायटी गच्चीवर मसाला दुधाला, त्यामुळे माउंट बाहेरच काढला नाही. पण संध्याकाळी पश्चिमेला त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू बायनॉक्युलरमधून सगळ्यांना दाखवला, खालच्या मजल्यावरच्या आजी तीनदा रांगेत उभ्या राहिल्या.

२७ ऑक्टोबर २०२४

परतीचा पाऊस संपला एकदाचा. आज पहिली खरी रात्र. फोकससाठी ययातीतला ईटा घेतला, नारिंगी महाराक्षसी तारा, इन्फ्रारेडमध्ये भरपूर उजेड देतो आणि माफेईपासून जवळ. फिल्टर लावल्यावर फोकस सरकतो, त्यामुळे बाहतिनोव्ह मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) फिल्टर लावूनच वापरायचा, आधी फोकस करून मग फिल्टर असं नाही चालत.

१५ सेकंदाच्या २०० फ्रेम्स घेतल्या. स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या एकावर एक रचून एक चित्र केलं, तर डावीकडून उजवीकडे उजेडाचा एवढा मोठा उतार की अर्धी फ्रेम पांढरीफटक. तारे आहेत, दीर्घिका असेलही, पण त्या उजेडात काही शोधण्यात अर्थ नाही. आधी वाटलं एअरग्लो, म्हणजे हवेची स्वतःची चमक असेल. साधारण ८७ किलोमीटरवर हवेतले हायड्रॉक्सिल रेणू रात्रभर चमकत असतात आणि त्यांची बरीचशी चमक नेमकी ७०० च्या पुढे असते, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये रात्र काळी नसतेच. पण एअरग्लो पाव अंशाच्या फ्रेममध्ये एवढा बदलत नाही. शिवाय नळी पूर्वेकडून पश्चिमेकडे फ्लिप केली तर उताराची दिशा बदलली. म्हणजे उजेड गच्चीवरचाच आहे, बाजूनं शिरतोय.

२ नोव्हेंबर २०२४

काल लक्ष्मीपूजन झालं, आकाशात धूर, बाहेर काम नाही. घरातच बसून एक चाचणी केली आणि ती फार उपयोगी पडली.

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याला छोटी वाइड लेन्स लावली, पुढे ७४२ चा फिल्टर धरला आणि टीव्हीचा रिमोट दाबून उजेड पाडला, रिमोटचा एलईडी इन्फ्रारेडच असतो. मग दुर्बिणीतली एकेक काळी वस्तू समोर ठेवत गेले. नळीला बाहेरून गुंडाळलेलं काळं कापड स्क्रीनवर जवळजवळ पांढरं! फोकसरची काळी ॲनोडाइज्ड नळी राखाडी, तीही बऱ्यापैकी उजळ. डोळ्याला या दोन्ही कोळशासारख्या काळ्या दिसतात, पण कापडाचा रंग किंवा ॲनोडायझिंगचा रंग फक्त दृश्य प्रकाश गिळतो, ७५० च्या पुढचं परत फेकतो. म्हणजे मी वर्षानुवर्षं ज्याला बॅफल (भटका उजेड अडवणारा आडोसा) समजत होते तो इन्फ्रारेडसाठी पांढरा पडदा होता.

आई म्हणाली, काजळी बघ लावून. पणतीवर स्टीलची ताटली उलटी धरली, पाच मिनिटांत मखमली काळा थर जमला. कॅमेऱ्यासमोर ठेवली तर ताटलीच्या जागी नुसतं भोक दिसावं इतकी काळी. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन, त्याला तरंगलांबीशी देणंघेणं नाही. पण काजळी हाताला लागते, आरशावर उडेल, म्हणून तशीच वापरता येणार नाही. घरात फळा रंगवायचा रंग शिल्लक होता, तो पुठ्ठ्याला फासून तपासला, तो काळाच राहिला, त्यामुळे फोकसरच्या आत आणि समोरच्या नळीत तोच. कापडाच्या जागी आतून रंगवलेला पुठ्ठा. दोन दिवस वाळू द्यायचं.

६ नोव्हेंबर २०२४

रंग वाळला, उतार कमी झाला पण गेला नाही. मग तीच वाइड लेन्स लावून कॅमेरा हातात घेतला आणि गच्चीभर फिरले, लॅपटॉप पाण्याच्या टाकीवर ठेवला होता. स्क्रीनवर जे दिसलं ते बघून मी थांबलेच. डोळ्यांना गच्ची अंधारी, पावलापुढचं दिसत नव्हतं, आणि स्क्रीनवर टळटळीत दुपार. कपड्यांच्या दोऱ्या, पाइप, टाकीवरची अक्षरं, सगळं लख्ख. कोपऱ्यातली तुळस तर बर्फ पडल्यासारखी पांढरीशुभ्र, कारण हिरवी पानं निअर-इन्फ्रारेड फारसं शोषत नाहीत, बरंचसं परत फेकतात. आणि या उजेडाला सावल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला पडलेल्या. सावलीच्या उलट दिशेला बघत गेले तर जिन्याच्या दारावरचा सीसीटीव्ही. त्याच्या भिंगाभोवतीचं कडं सूर्यासारखं जळत होतं. जवळ जाऊन नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर लालसर मिणमिणते ठिपके, मुद्दाम बघितलं तरच कळतील. असे कॅमेरे रात्री ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावून बघतात, म्हणजे बरोब्बर माझ्या फिल्टरच्या मधोमध.

वॉचमन काकांना वर बोलावून स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, म्हंजे हा दिवा आमाला दिसत न्हाई पण तुमच्या दुर्बिणीला दिसतो." अगदी हेच. कॅमेरा बंद करणं बरोबर नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. सेक्रेटरींशी बोलून असं ठरलं की दारावर एक पत्र्याची झडप लावायची, कॅमेऱ्याला जिना आणि दार दिसेल पण उजेड माझ्या कोपऱ्यात येणार नाही. पत्र्याला आतून तोच फळ्याचा रंग.

१० नोव्हेंबर २०२४

दिसली.

नवमीचा चंद्र वर असूनही घेतलं. १५ सेकंद × ३२०, म्हणजे ८० मिनिटं. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करून स्ट्रेच केलं (मंद भाग उजळवला), आणि ताऱ्यांच्या गर्दीत मधोमध एक डाग जो तारा नाही. ताऱ्यांची रुंदी ३ आर्कसेकंदांच्या आसपास, याचा गाभा त्याहून जाड, आणि भोवती मंद लांबट झाक जी कडेला हळूहळू विरते. प्लेट सॉल्व्ह करून, म्हणजे चित्रातल्या ताऱ्यांवरून आकाशातली जागा काढून, ताडून बघितलं, २ तास ३६ मिनिटं, +५९ अंश ३९ मिनिटं, बरोबर जागेवर.

रात्री दीडला आईला उठवलं. तिनं चष्मा लावला, स्क्रीनजवळ आली, म्हणाली, "एवढं पुसट?" मी म्हटलं, अगं आपल्या सगळ्या आकाशगंगेची धूळ ओलांडून आलीय ती. मग ती खुर्ची ओढून बसली आणि तारा कुठला, दीर्घिका कुठली हे नीट विचारून घेतलं.

१३ नोव्हेंबर २०२४

तुळशीचं लग्न गच्चीवरच होतं, त्यामुळे सुरुवात अकराला. पौर्णिमा दोन दिवसांवर, तरी मुद्दाम घेतलं कारण चांदण्याचा परिणाम मोजायचा होता. हवेतलं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणजे ४०० च्या निळ्यापेक्षा ८०० ला सोळा पट कमी. प्रत्यक्षात पुण्याच्या हवेत धूळ-धूर असतो, त्याचे कण मोठे, तिथे हा नियम एवढा कडक चालत नाही. तरीसुद्धा आयआर-कट फिल्टर (इन्फ्रारेड अडवून फक्त दृश्य प्रकाश सोडणारा) लावून घेतलेल्या फ्रेम्समध्ये पार्श्वभूमी एवढी चढली की गाभासुद्धा हरवला, आणि ७४२ मध्ये दीर्घिका दिसत राहिली, थोडी फिकी पण होती. म्हणजे महिन्यातले चांदण्याचे दहा दिवस आता वाया जाणार नाहीत.

२३ नोव्हेंबर २०२४

फ्लॅट्सचा घोळ (फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाची फ्रेम, दुर्बिणीतली कमीजास्त छाया काढून टाकायला). माझा फ्लॅट पॅनल म्हणजे चित्र ट्रेस करायची एलईडी पाटी. ७४२ लावून फ्लॅट घेतले तर फ्रेम काळी, एक्स्पोजर कितीही वाढवा. पांढरा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि वर पिवळा फॉस्फर, ७५० च्या पुढे त्यात जवळजवळ काही नसतंच. अडगळीतून जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब काढला, तारेचा, तो बहुतेक ऊर्जा इन्फ्रारेडमध्येच टाकतो. पांढऱ्या धोतराच्या दोन घड्या नळीवर, दोन मीटरवर बल्ब, फ्लॅट झकास.

आणि हे करताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्या रस्त्यावरचे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मी फार हळहळले होते, कारण निळं आकाश बिघडलं. पण सोडियमच्या दिव्याचं ८१९ नॅनोमीटरला ठळक उत्सर्जन असतं, ते एलईडीत नाही. ज्या कारणानं माझी फ्लॅटची पाटी आंधळी, त्याच कारणानं पुण्यावरचं आकाश माझ्या फिल्टरमधून आता आधीपेक्षा काळं आहे. निळ्यात काम करणाऱ्यांचं आणि निशाचर पाखरांचं नुकसान त्यानं भरून निघत नाही, दिव्यांना वरून टोप्या हव्यातच.

३० नोव्हेंबर २०२४

अमावस्येच्या आदली रात्र, कोरडी थंडी. कोरडी हवा फार महत्त्वाची, पाण्याची वाफ ७२०, ८२० आणि सगळ्यात जास्त ९४० च्या आसपास प्रकाश खाते, ऑक्टोबरच्या दमट रात्री फिल्टरचा शेवटचा तुकडा जवळजवळ फुकट जातो.

८०० फ्रेम्स, ३ तास २० मिनिटं. मधे कॅमेरा गरम होऊन हॉट पिक्सेल (उगाच चमकणारे ठिपके) वाढले (याला कूलिंग नाही), म्हणून दर तासाला त्याच तापमानाचे डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम्स) घेतले आणि डिथरिंग, म्हणजे फ्रेमागणिक दुर्बीण जराशी सरकवणं, चालू ठेवलं. निकाल आधीच्या सगळ्या रात्रींपेक्षा सरस. झाक आता स्पष्ट लंबगोल आहे, आणि एका बाजूला ती एकसारखी विरत नाही, मधे काळसर खाचा आहेत. त्या दीर्घिकेतल्या नाहीत असं मला वाटतं, आपल्याच धुळीचे जाड पुंजके आहेत, कारण तिथले मंद तारेही विरळ झालेत. तेवढाच वेळ हिरव्या चॅनलला दिला होता २८ तारखेला, आयआर-कट लावून. दोन्ही शेजारी ठेवले. हिरव्यात गाभ्याच्या जागी एक शंका येण्याजोगा ठिपका, बाकी नुसते तारे. शार्पलेसना १९५९ मध्ये तो तेजोमेघ वाटला यात काहीच नवल नाही.

हिचं अंतर मोजणंही याच धुळीनं अवघड केलंय. पुस्तकांत १ कोटी प्रकाशवर्षांपासून जवळपास २ कोटींपर्यंत आकडे सापडतात, धूळ किती धरली त्यावर अंतर हलतं.

२८ डिसेंबर २०२४

माफेई २. पहिलीपासून ४० आर्कमिनिटं पूर्वेला, माझ्या फ्रेममध्ये दोन्ही एकत्र मावत नाहीत. सर्पिल आहे आणि धूळ हिच्यापुढे आणखी जाड. अडीच तासांत फक्त लांबट गाभा आला, भुजा नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पंधरा-वीस तास द्यायचे.

२६ जानेवारी २०२५

माफेई आता लवकर कलते, म्हणून दुसरं लक्ष्य. सारथी आणि सप्तर्षी यांच्या मधल्या ओसाड भागात एपीएम ०८२७९+५२५५ हा क्वासार आहे, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचा अतिशय तेजस्वी गाभा. १९९८ मध्ये ला पाल्मावरच्या आयझॅक न्यूटन दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडलातले कार्बन तारे शोधत होते, त्यात हा सापडला. ताम्रसृती (प्रकाश किती ताणला गेला याचं माप) ३.९१. लाल फिल्टरमध्ये प्रत १५ च्या जवळ, एवढ्या लांबच्या वस्तूला हे अशक्यच वाटतं, पण मधल्या कुठल्यातरी दीर्घिकेच्या गुरुत्वानं त्याचा प्रकाश एकवटून आपल्याकडे येतो. हा प्रकाश निघाला त्याला १२०० कोटी वर्षं झाली, पृथ्वी व्हायच्या कितीतरी आधी.

हा निअर-इन्फ्रारेडलाच का घ्यायचा? इथे कारण धूळ नाही. विश्वाच्या प्रसरणानं प्रत्येक तरंगलांबी ४.९१ पट ताणली गेलीय. माझ्या फिल्टरमध्ये ८०० ला जो फोटॉन पडतो तो निघताना १६३ नॅनोमीटरचा होता, कडक अतिनील. कार्बनची वर्णपटातली १५५ ची रेषा ७६० ला येते, थेट माझ्या फिल्टरच्या आत. हायड्रोजनची लायमन-अल्फा १२१.६ ची, ती ५९७ ला. आणि तिच्यापेक्षा निळ्या बाजूचं सगळं वाटेतल्या हायड्रोजनच्या ढगांनी ठिकठिकाणी खाल्लेलं.

म्हणजे निळ्यात हा जवळजवळ नसायला हवा. हेच करून बघायचं.

१ फेब्रुवारी २०२५

सप्तर्षीतल्या आयोटापासून सुरुवात करून प्लेट सॉल्व्हनं पोचले. ७४२ मधून २० सेकंद × २४०. क्वासार पहिल्या दहा फ्रेम्सच्या स्टॅकमध्येच दिसला! ताऱ्यासारखाच ठिपका. शेजारी जवळपास तेवढ्याच उजेडाचा एक साधा तारा आहे, तो तुलनेसाठी ठरवला.

२३ फेब्रुवारी २०२५

आयआर-कट लावून निळा चॅनल, तीन रात्री मिळून ५ तास. निळ्यात पिक्सेल चारातला एक आणि पुण्याचं आकाश वाईट, म्हणून एवढा वेळ. आज स्टॅक पूर्ण झाला, ७४२ च्या स्टॅकवर नीट बसवला आणि दोन्ही आलटूनपालटून बघितले.

तुलनेचा तारा दोन्हीकडे आहे. क्वासारच्या जागी निळ्यात काही नाही. कॉन्ट्रास्ट ताणला, २×२ च्या जागी ४×४ केलं, तरी चित्रातल्या नॉइजच्या (दाणेदार गोंधळाच्या) वर काही उठत नाही. ७४२ वर परत गेलं की ठिपका जागेवर.

भाची शेजारी बसली होती, सातवीतली. तिनं कीबोर्ड माझ्याकडून घेतला आणि स्वतःच बटण दाबत राहिली, निळा, इन्फ्रारेड, निळा, इन्फ्रारेड. "मावशी, मधे कोणी खाल्ला तो?" मी सांगितलं, हायड्रोजननं, वाटेत जागोजागी ढग आहेत. मग तिनं विचारलं की ते ढग किती आहेत हे मोजता येतं का. येतं, वर्णपटातल्या प्रत्येक खाचेमागे एक ढग, त्यासाठी दुर्बिणीला ग्रेटिंग (बारीक रेषांची, प्रकाशाचा वर्णपट पाडणारी काच) लावावी लागते. ८ इंचाला ते झेपेल का याचा हिशोब उद्या करते, फ्लक्स किती, एका पिक्सेलवर किती फोटॉन. ग्रेटिंग मिलिमीटरला १०० रेषांची आहे माझ्याकडे, लायमन-अल्फाची ५९७ जवळची पायरी तरी दिसायला हवी.